जुनी डिझायनर खुर्ची घेताय? आधी ती उलटी करा

ठाण्या-नवी मुंबईतल्या जुन्या फर्निचरच्या जाहिरातींत हल्ली 'मिड-सेंच्युरी' हे लेबल सरसकट लावलेलं असतं. पाय जरा तिरके असले आणि पाठीला वेताची जाळी असली की झाली मिड-सेंच्युरी. खरं तर १९४५ नंतरच्या साधारण वीस-पंचवीस वर्षांतल्या फर्निचरला हे नाव आहे. कोरीवकाम नाही, लाकूड बेताचं, बैठक हलकी. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स, डेन्मार्कमध्ये हान्स वेगनर आणि आर्ने याकबसन, आपल्याकडे चंदीगडमध्ये काम केलेले पिएर जॅनरे ही त्यातली मोठी नावं. इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची यात येत नाही. टोनेट या कंपनीचं ते मूळ मॉडेल १८५९ सालचं. व्हरांड्यातली लांब हातांची आरामखुर्चीही मिड-सेंच्युरीच्या आधीची. विकणारा मात्र या सगळ्यांना एका दमात 'अँटिक' म्हणेल. कायद्याने पुरावस्तू ठरायला खुर्ची किमान शंभर वर्षांची लागते. तेव्हा १९५५ची खुर्ची कितीही देखणी असली तरी 'अँटिक' या शब्दाचे जादा पैसे द्यायचं कारण नाही.

या नादाला नव्याने लागणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. पैसे लाकडाला आणि सांध्याला द्या, नावाला देऊ नका. आपल्या भागात नावाजलेली अस्सल खुर्ची हाती लागणं म्हणजे लॉटरीच. पण त्याच काळात त्याच धाटणीच्या सागवानी खुर्च्या मुंबईच्या सुतारांनीही केल्या. त्यांच्यावर कुणाचं नाव नाही, म्हणून त्या परवडतात. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

पहिली पायरी: शोधायचं कुठे

नवी मुंबईत वस्तू शोधताना एक लक्षात ठेवा. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली १९६५च्या सुमाराला आणि सिडको स्थापन झाली १९७० साली. म्हणजे पन्नाशीच्या दशकातली खुर्ची वाशी-नेरूळमध्ये 'मूळची' असूच शकत नाही. ती गिरगाव, दादर किंवा माटुंग्याहून कुणाच्या तरी बिऱ्हाडासोबत आलेली असते. म्हणून तिथे दुकानांपेक्षा घरं बघावीत. सिडकोच्या जुन्या सोसायट्यांतल्या आजी-आजोबांची घरं आवरायला निघाली, की गॅलरीत कुंड्या ठेवण्यासाठी वापरलेल्या खुर्च्या बाहेर येतात.

ठाण्याची गोष्ट वेगळी. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या जुन्या वस्त्यांत सगळीकडे पुनर्विकास चाललाय. इमारत रिकामी करायची तारीख ठरली की माणसं भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये जातात आणि तिथे आजोबांची खुर्ची मावत नाही. वॉचमनकडे, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आणि त्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे शब्द टाकून ठेवा. भंगारवाल्याला फोटो दाखवा, कारण 'डिझायनर' म्हटलं की तो तुम्हाला मखमली सोफा दाखवायला नेतो.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार आणि मुंबईतला ओशिवऱ्याचा बाजार जरूर हिंडा, पण पहिल्या खेपेला खरेदी न करता फक्त बघण्यासाठी. नवं लाकूड जुनं कसं दाखवतात, याचं शिक्षण तिथे फुकट मिळतं.

तिसरा साठा ऑफिसांचा. ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात ऑफिसं बंद होतात, हलतात आणि खुर्च्या लॉटने निघतात. मीटिंग रूममधली ती आडव्या पट्ट्यांची, चकचकीत दांड्यांची पातळ खुर्ची तुम्ही पाहिली असेल. तिचं मूळ डिझाइन ईम्स दांपत्याचं, १९५८ सालचं. लॉटमध्ये निघते ती बहुतेक वेळा नक्कल. नक्कल बसायला वाईट असतेच असं नाही, फक्त तिला नकलेचाच भाव द्यायचा.

ऑनलाइन जाहिरातींबाबत एकच पक्की सूचना. 'मी सैन्यात आहे, बदली झाली, खुर्ची गेटवर ठेवलीये, आधी क्यूआर स्कॅन करा' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. खुर्ची डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. उद्या तुम्ही स्वतः विकायला बसलात तरी ध्यानात असू द्या, की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

दुसरी पायरी: नावाची शहानिशा

विकणाऱ्याने मोठं नाव घेतलं तर वाद घालू नका, तपासा. आपल्याकडे सर्वांत जास्त घेतलं जाणारं नाव म्हणजे 'चंदीगड चेअर'. जॅनरे १९५१ साली ल कॉर्बुझिए या आपल्या वास्तुविशारद चुलतभावाबरोबर चंदीगडच्या कामावर आले आणि १९६५पर्यंत तिथे राहिले. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ, वाचनालयं यांच्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात यूली चौधरीही होत्या, सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या आखल्या. स्थानिक कारखान्यांतून त्या मोठ्या संख्येने बनल्या. इंग्रजी उलट्या 'व्ही'सारखे जोडपाय ही त्यांची खूण. पुढे त्या मोडक्या म्हणून लिलावात निघाल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि परदेशात त्यांना अफाट किमती आल्या. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि निर्यातीला चाप लावणारे आदेश काढले. तेव्हा कुणी 'ओरिजिनल चंदीगड' म्हणालं तर सरळ लिलावाचे कागद मागा. पाठीमागे रंगाने लिहिलेला खात्याचा कोड हा पुरावा नव्हे. स्टेन्सिल आणि पांढऱ्या रंगाचा डबा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. शिवाय या खुर्च्या वेगवेगळ्या कारखान्यांत बनल्यामुळे अस्सल खुर्च्यांतही मापांचा फरक सापडतो. त्यामुळे निव्वळ टेपने मोजून निकाल लावता येत नाही. कागद नाहीत, तर ती 'चंदीगड धाटणीची' खुर्ची. विषय संपला.

ईम्सची लाउंज चेअर, म्हणजे प्लायवुडच्या वाकवलेल्या शिंपल्यात चामड्याची गादी आणि पुढे पाय ठेवायला स्टूल. ही १९५६ सालची. हिची नक्कल ओळखणं त्यामानाने सोपं. मूळ खुर्चीच्या तळाला पाच पाय, स्टुलाला चार. खुर्ची गोल फिरते, पण पाठ मागे रेलत नाही. तिचा कोन कायमचा ठरलेला. प्लायवुडच्या बाहेरच्या बाजूला एकही स्क्रू दिसत नाही, कारण आतून चिकटवलेल्या रबरी गुटक्यांवर पाठ धरलेली असते. खुर्चीला चारच पाय असतील, पाठ मागे झुकत असेल किंवा बाहेरून बोल्ट दिसत असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि चुकून अस्सल निघालीच, तर तेच रबरी गुटके आधी बघा. वयोमानाने रबर कडक होऊन सुटतं आणि माणूस बसलेला असताना पाठ निखळून येते.

वेगनरची विशबोन, म्हणजे पाठीला इंग्रजी 'वाय'च्या आकाराची पट्टी असलेली खुर्ची, १९४९ची. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने विणलेली असते. सुती किंवा नायलॉनची दोरी दिसली तर मूळ बैठक तरी गेलेली आहे किंवा सगळी खुर्चीच नक्कल आहे. कॅफेंमध्ये दिसणाऱ्या लाकडी पायांच्या प्लास्टिक खुर्च्या ईम्सच्या १९५०च्या फायबरग्लास खुर्चीवरून आलेल्या. जुन्या फायबरग्लासमध्ये उजेडात काचतंतूंचे धागे दिसतात. एकसारखा गुळगुळीत रंग म्हणजे साधं प्लास्टिक.

खिशात लोहचुंबक ठेवा. ज्या खुर्चीची चौकट मुळात ॲल्युमिनियमची, तिला चुंबक चिकटला तर नक्कल पक्की. नाही चिकटला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, नकलाही ॲल्युमिनियमच्या निघतात.

तिसरी पायरी: उलटी करा

खरी परीक्षा इथेच. सोबत टॉर्च, टेप, चुंबक आणि एक जुनं एटीएम कार्ड असावं. 'काका, जरा उलटी करून बघू का?' असं विचारून खुर्ची सतरंजीवर पालथी घाला. विकणारा कुरकुरला तर समजा, खाली बघण्यासारखं काहीतरी आहे.

आधी पायांची टोकं. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि वर्षानुवर्षं ते पाणी पायांच्या टोकातून शोषलं जातं. टोक काळं पडलं असेल तर नखाने दाबून बघा. नख रुतलं तर लाकूड कुजलंय. बऱ्याचदा कुजलेला भाग कापून खुर्ची विकायला ठेवतात. मग ती ठेंगणी दिसते आणि टोकाच्या लाकडाचा रंग बाकीच्या पायापेक्षा ताजा असतो. चारही पाय मोजा. एखाद-दोन सेंटिमीटर सगळीकडून सारखं गेलं असेल तर चालतं. पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळ्या मापाने कापले असतील तर बैठकीचा उतार बिघडलेला असतो आणि तो परत मिळत नाही.

मग सांधे. चांगल्या जुन्या खुर्चीत आडव्या पट्टीचं टोक पायातल्या भोकात घट्ट बसवलेलं असतं आणि आत सरस, म्हणजे जुन्या पद्धतीचा गोंद असतो. खुर्ची सरळ करा, एका हाताने पाठ आणि दुसऱ्याने बैठक धरून पिळल्यासारखी हलवा. किंचित 'कुई' असा आवाज येऊन सांधा हलला तर घाबरू नका. सरस सुकून सुटलाय एवढंच, सुतार अर्ध्या दिवसात तो नीट करतो. घाबरायचं ते खिळे आणि लोखंडी एल-पट्टीला. सुटलेल्या सांध्यात कुणी खिळे ठोकले असतील तर आतलं लाकूड फाटलेलं असतं आणि मग पायच नवा करावा लागतो. मागचा पाय आणि बैठकीची चौकट जिथे मिळते, तो सांधा सर्वांत जास्त मार खातो. माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा भार तिथेच येतो. टॉर्च लावून त्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसते का बघा, पॉलिशखाली ती काळ्या रेघेसारखी दिसते.

लाकूड कुठलं हे बैठकीच्या खालच्या बाजूला कळतं, कारण तिथे पॉलिश क्वचितच पोचतं. साग हाताला किंचित तेलकट लागतो, रंग सोनेरी-तपकिरी असतो आणि घासला की त्याचा ओळखीचा वास येतो. वरून गडद, पण खालून पांढरट आणि गंधहीन लाकूड म्हणजे दुसऱ्याच झाडावर रंग चढवलाय. नव्या लाकडाला चहापत्ती, डांबर किंवा गडद डाय लावून जुनं करतात. पण खरं जुनं लाकूड हाताच्या घामाने जिथे काळवंडायला हवं तिथेच, म्हणजे हातांच्या टोकांना आणि पाठीच्या वरच्या कडेला काळवंडतं. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती माणसांनी बसून झालेली नव्हे. स्क्रूंवर फार विसंबू नका. चपट्या खाचेचे जुने स्क्रू भंगारात किलोने मिळतात.

चरईतल्या एका रिकाम्या होणाऱ्या इमारतीत मला अशी एक हातांची खुर्ची बघायला मिळाली होती. वरून मेणचट, काळपट, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी. पालथी घातली तर बैठकीच्या चौकटीवर आतल्या बाजूला पेन्सिलीने 'डावा', 'उजवा' लिहिलेलं आणि प्रत्येक सांध्याजवळ सुताराने जुळणीसाठी मारलेल्या बारीक रेघा. इतक्या वर्षांनंतरही रेघेला रेघ तंतोतंत मिळत होती, म्हणजे सांधा कणभरही सरकलेला नव्हता. अशी खूण मला कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोलाची वाटते.

आता कीड. लाकडात टाचणीएवढी भोकं दिसली तर खुर्ची पांढऱ्या फरशीवरून उचलून काळ्या कागदावर ठेवा आणि टिचक्या मारा. फिकट, ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. भोकांच्या कडा मळकट आणि भुगा नाही, तर कीड केव्हाच निघून गेलीये. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागते.

आणि ढेकूण. याबद्दल कुणी बोलत नाही, पण वेताची खुर्ची ही त्यांची आवडती जागा. वेत जिथून आत शिरतो ती भोकं, गादीच्या शिवणी, स्क्रूंच्या खाचा इथे टॉर्च मारा आणि एटीएम कार्डाची कड फटींतून फिरवा. काळे ठिपके, पारदर्शक टरफलं किंवा पांढरी बारीक अंडी निघाली, तर खुर्ची कितीही स्वस्त असो, घरात आणू नका. फारच मन गुंतलं असेल तर आधी बाहेरच्या बाहेर पेस्ट कंट्रोल करून घ्या. नुसतं उन्हात ठेवून भागत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. गादी असेल तर ती तिथेच टाकून यावी.

वेत तुटलेला असणं हा दोष नव्हे, तो भाव पाडायचा मुद्दा. फक्त वीण कुठल्या प्रकारची आहे ते पाहून ठेवा. चौकटीच्या कडेला ओळीने भोकं असतील तर ती हाताची वीण. आधी उभे, मग आडवे, मग दोन्ही बाजूंनी तिरपे पदर घेत आठकोनी भोकांची जाळी होते. भोकांऐवजी सलग खाच आणि त्यात ठोकलेली वेताची पट्टी असेल तर ती तयार जाळी. दुरुस्तीच्या खर्चात या दोन्हींमध्ये मोठा फरक पडतो, कारण हाताच्या विणीला वेळ लागतो आणि ते काम जाणणारी माणसं कमी उरलीत. सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणण्याचं काम अनेक ठिकाणी अंध कारागीर करत आले आहेत. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे चौकशी केली तर चांगला हात मिळू शकतो.

चौथी पायरी: बसा

दहा मिनिटं, चप्पल काढून, पाठ टेकून. जेवणाच्या किंवा कामाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ४३ ते ४६ सेंटिमीटर असली की बहुतेकांना बरी पडते. लाउंज प्रकारच्या खुर्च्या त्याहून बऱ्याच ठेंगण्या आणि मागे कललेल्या असतात. दिसायला सुरेख, पण गुडघे दुखणाऱ्या आईला त्यातून उठताना कुणाचा तरी हात लागणार. घरात ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या.

पाचवी पायरी: भाव

भाव ठरवण्याआधी सुतार, वेतवाला आणि गादीवाला या तिघांना फोटो पाठवून अंदाज घ्या. त्यात टेम्पो धरा. तशाच सागवानी नव्या खुर्चीला ओळखीचा सुतार जेवढे घेईल, त्यातून हा सगळा खर्च वजा करा. उरलं ते तुमचं कमाल बजेट आणि सुरुवात त्याच्या बरीच खालून करायची. नक्कल निघाली हे विकणाऱ्याच्या तोंडावर सांगून त्याचा पाणउतारा करू नका. 'पाय कुजलाय, वेत गेलाय' एवढं दाखवलं की पुरतं. जोडी असेल तर जोडीच घ्या. एकट्या खुर्चीला पुढे जोडीदार मिळणं कठीण असतं.

सहावी पायरी: घरी आणणं

एक खुर्ची असेल तर रिक्षाच्या मागच्या सीटवर बसते. लाउंज किंवा जोडी असेल तर छोटा हत्ती बोलवा. घोडबंदर रोडवर राहत असाल तर सकाळी लवकर उरका, नाहीतर टेम्पोवाला थांबण्याचे पैसे लावेल. लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण आधी मोजा. ईम्सच्या लाउंजची रुंदी साधारण ८४ सेंटिमीटर आहे आणि सिडकोच्या जुन्या इमारतींचे जिने तिला दाद देत नाहीत. दोरी बांधायची ती बैठकीच्या चौकटीला. हातांना किंवा वेताच्या पाठीला दोरी लावली की पहिल्याच खड्ड्यात काम तमाम.

सातवी पायरी: दुरुस्ती, पण या क्रमाने

आधी सांधे. त्यानंतर पॉलिश आधी की वेत आधी, यावर कारागिरांचं एकमत नसतं. माझं मत: लाकडाचं पॉलिश आधी, वेत शेवटी. पॉलिश वेतावर सांडलं की डाग जात नाही.

सांधा जोडताना सुतारावर नजर ठेवा. जुन्या सरसावर थेट फेव्हिकॉल ओतला तर तो लाकडाला धरत नाही, काही महिन्यांत सांधा पुन्हा हलतो. कोमट पाण्याच्या फडक्याने जुना सरस मऊ करून खरवडून काढायचा, लाकूड पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच नवा गोंद लावून शिकंजा कसायचा.

पॉलिश कुठलं आहे हे बघायला लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट झालं तर लाखेचं जुनं पॉलिश. ते असेल तर सगळं खरवडायचा मोह टाळा, स्वच्छ करून वरून पुन्हा लाखेचे हात मारले तरी रंग खुलतो. पॉलिशवाला 'पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारून देतो, काचेसारखं' म्हणेल. मारू देऊ नका. काचेसारखी चमकणारी १९५० सालची खुर्ची हास्यास्पद दिसते.

वेत सैल पडलाय पण तुटलेला नाही, तर आधी घरीच एक प्रयोग करा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं बैठकीच्या खालच्या बाजूने अर्धा तास ठेवा आणि रात्रभर सावलीत सुकू द्या. वेत आकसून बराच ताणला जातो. गादी नवी करायची असेल तर बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम सांगा. खालच्या रबरी पट्ट्या कडक होऊन तडकल्या असतील तर त्या बदलल्याशिवाय नव्या फोमवर पैसे घालू नका.

राहता राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर वेतावर बुरशी धरते. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढा, कोरड्या ब्रशने झाडत राहा आणि गॅलरीत तर अजिबात ठेवू नका. या दिवसांत लाखेचं पॉलिशही करू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी साय धरते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत पॉलिशवाला तुमचा फोन उचलणार नाही. त्याला जानेवारीत गाठा.